उताराचा कोबा

गेले काही दिवस आमच्या घरात चप्पल घालून फिरावं लागतंय आणि आईला ते अजिबात पटत नाहीये. चाळीस वर्षं ज्या कोब्यावर ती अनवाणी वावरली, ज्यावर पाटा टेकवून वाटण वाटलं, त्याच्यावरनं आता ग्राइंडर फिरलाय, पाय टाकला की मांजराची जीभ लागल्यासारखं होतं. टाइल्सचे खोके परड्यात ताडपत्रीखाली रचून ठेवलेत, दिवाळीच्या आत बसवायच्यात. गल्लीतला येणारा-जाणारा दारातनं डोकावतो आणि विचारतो, "अजून फरशी बसली नाही व्हय?" आणि मला प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटतं की अहो फेब्रुवारीपासून आम्ही त्याच कामाला लागलोय. तेवढं सगळं उभ्या उभ्या सांगता येत नाही म्हणून इथं लिहून ठेवतेय.

आमचं घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडच्या अंगाला. सोपा, माजघर, स्वयंपाकघर अशा एकामागे एक तीन खोल्या, मग मोरी, मग परडं. आधी सगळीकडे शेणानं सारवलेली जमीन होती, १९८४ साली आण्णांनी कोबा घातला. खाली दगडाचं सोलिंग, त्यावर काँक्रीट, वर दीड-दोन इंचाचा थर आणि शेवटी लाल रंग मिसळलेल्या सिमेंटची थापीनं केलेली घोटाई. मध्ये मध्ये काचेच्या पट्ट्या घालून चौकोन पाडलेले. लहानपणी मी त्या पट्ट्यांवर पाय न देता सोप्यातनं मोरीपर्यंत जायचा खेळ खेळायचे. त्या पट्ट्या शोभेसाठी आहेत असंच मला वाटायचं. सिमेंट वाळताना आकसतं, त्याला कुठंतरी तडा जायचाच असतो, तो आपण ठरवलेल्या रेषेत जावा म्हणून ती काच घालतात, हे मला या वर्षी कळलं.

कोब्याचं आयुष्य तसं संपत आलेलंच होतं म्हणा. नदीकाठी राहणाऱ्याला सांगायला नको, जुलै आला की आमच्याकडे घड्याळापेक्षा राजाराम बंधाऱ्याची पातळी जास्त वेळा बघितली जाते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. मच्छिंद्री झाली का, म्हणजे पुराचं पाणी शिवाजी पुलाच्या खुणेला लागलं का, राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले, हीच बोलणी. २००५ ला पाणी घरात आलं, २०१९ च्या ऑगस्टला पातळी ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा आलं, २०२१ च्या जुलैत परत आलं. त्या शेवटच्या पुरानंतर कोब्याचे पोपडे सुटायला लागले. घोटाईचा गुळगुळीत थर उडाला की खाली खडबडीत खड्डा राहतो, त्यात चिखल बसतो, कितीही घासलं तरी पावसाळ्यात तो वास येतोच. आईचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. आण्णा जाऊन तीन वर्षं झाली. या फेब्रुवारीत मी ठरवलं, टाइल्स घालायच्या.

पहिला जो माणूस आला तो दहा मिनिटांत सगळं बघून म्हणाला, तोडायची गरज नाही, साफ करून वरनंच चिकटवू, चार दिवसांत घर देतो. मी जवळपास हो म्हटलेलं. पण मग न्हाणी आठवली. न्हाणीला काही वर्षांपूर्वी अशाच घाईत टाइल्स बसवल्या होत्या, एकेका टाइलखाली मालाचे चार-पाच गोळे ठेवायचे, वर टाइल ठेवून ठोकायची, झालं. दोन वर्षांत एका टाइलचा कोपरा भरलेल्या बादलीखाली फुटला. उचलून बघितलं तर खाली गोळ्यांच्या मधली सगळी जागा पोकळ, त्यात कुबट पाणी साठलेलं आणि गोळे टाइलला चिकटलेलेच नव्हते, त्यांच्यावर टाइलच्या पाठीचा ठसा तेवढा स्वच्छ उमटलेला. म्हणून या वेळी मी त्या माणसाला नंतर कळवते म्हटलं आणि आमच्या जुन्या गवंडीमामांना फोन केला. सत्तरीच्या आसपासचे आहेत, आण्णांच्या ओळखीतले, आता मोठी कामं घेत नाहीत.

मामा आले, चहा घेतला आणि पिशवीतनं फक्त एक लहान हातोडी काढली. मग सोप्याच्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर ठोकत ठोकत निघाले, माझ्या हातात खडू दिला. जिथं कोबा खालच्या काँक्रीटला घट्ट धरून आहे तिथं आवाज बारीक आणि टणक येतो. जिथं थर सुटलाय तिथं आवाज बसका, रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा. "हितं हाय. हितं पण. ह्यो न्हाई, ह्यो दणकट हाय." मी गोल काढत गेले. माजघरात पोचेस्तोवर दुपार झाली तेव्हा आई माळ्यावरनं म्हशीची जुनी साखळी काढायला सांगायला लागली. आजोबांच्या वेळी परड्यात दोन म्हशी होत्या, गंगावेशीत दूध जायचं, त्यातल्या एकीची. मामांनी ती साखळी जमिनीवरनं नुसती ओढली आणि खरंच, टणक जागेवर छनछन आणि पोकळ जागेवर भदभद, असा फरक चालता चालता ऐकू यायला लागला. मी नंतर वाचलं की मोठ्या पुलांच्या स्लॅब अशाच साखळी ओढून तपासतात. आईला हे कुठनं ठाऊक? ती म्हणाली म्हैस परड्यातल्या फरशीवरनं फिरायची तेव्हा कुठली फरशी सुटलीय ते साखळीवरनं कळायचं.

संध्याकाळपर्यंत एकूण १७ गोल झाले. जिथं पोकळ आहे तिथं वर कितीही भारी टाइल आणि कितीही महाग केमिकल लावा, ते सगळं त्या सुटलेल्या पापुद्र्याला चिकटणार आणि पापुद्र्यासकट उठणार. ही गोष्ट इतकी साधी आहे, तरी पहिल्या माणसानं एकदाही जमिनीला हात लावला नव्हता.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही. मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, मशिनिंग होतं आणि मग ते माझ्या टेबलावर येतं. दिवसभर माझं काम म्हणजे एखादा फेस किती सपाट आहे ते बघणं, स्ट्रेट एज म्हणजे अगदी सरळ पट्टी ठेवायची, खालनं फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापाची, पात जाते का बघायचं. त्यामुळे घराची जमीन मोजायची म्हटल्यावर मला राहवेना. दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आणली, मामांकडची लेव्हलची नळी घेतली. नळीत पाणी भरून एक टोक स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला, एक टोक पुढच्या दाराला. दोन्हीकडे खुणा केल्या, जमिनीपासून मापं घेतली आणि वजाबाकी केल्यावर मी मामांना परत नळी धरायला लावली, कारण आकडा खरा वाटेना. ३२ फुटांत ५५ मिलिमीटर. म्हणजे मागच्या भिंतीपाशी जमीन दोन इंचापेक्षा जास्त उंच आणि दाराकडे उतरत आलेली. या घरात मी जन्मले, वाढले, पण ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मला वाटलं जमीन खचली. पुरांनी पुढचा भाग बसला असणार. हायवेकडच्या एका टाइलच्या शोरूमला गेले तर तिथल्या माणसानं लगेच उपाय सांगितला, सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड ओता, पातळ असतं, पाण्यासारखं पसरतं, स्वतःच लेव्हल धरतं, एका दिवसात जमीन आरशासारखी होते. खर्च बघून छातीत धस्स झालं, पण एकदाच करायचंय तर नीट करू म्हणून घरी येऊन आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिनं मागं न बघताच म्हटलं, "काय नगो. मी सांगतो तुला, त्यो उतार तसाच ऱ्हाऊ दे. तुझ्या आण्णांनी काढून घेतलेला उतार हाय त्यो." (आई "मी सांगतो"च म्हणते, आमच्याकडच्या बायका तशाच बोलतात.)

मग भाकऱ्या झाल्यावर तिनं सांगितलं. कोबा घालायच्या वेळी गवंडी लेव्हलची दोरी लावायला लागला तर आण्णा म्हणाले, लेव्हल नको, पाणी मागून पुढं आपसूक गेलं पाहिजे. सगळे हसले, राहत्या घरात कोण असा ढाळ देतं? मोरीला देतात, गच्चीला देतात. पण आण्णा दोन दिवस कामावर गेले नाहीत, दोरीपाशी बसून राहिले. पुढच्या दाराला त्यांनी उंबरासुद्धा ठेवला नाही, जमिनीबरोबर बसवलेली एक दगडी पट्टी फक्त. त्यावरनं आजीनं महिनाभर अबोला धरला होता, घराला उंबरा नाही म्हणजे लक्ष्मी कुठं थांबायची. आईची रांगोळी आजही त्या सपाट दगडावर असते. उंबरा नाही हे मला आयुष्यभर दिसत होतं, पण असं का म्हणून मी कधी विचारलं नाही.

आणि मग मला २०१९ ची ती सकाळ आठवली. पाणी आठवडाभर घरात होतं, आम्ही नातेवाईकांकडे होतो. उतरायला लागल्याचं कळल्यावर आण्णा कुणाचं न ऐकता पहाटेच घरी गेले, मागनं मी आणि आई गेलो. घरात अजून घोटाभर पाणी होतं आणि आण्णा त्या पाण्यात उभे राहून खराट्यानं मागच्या भिंतीपासून गाळ ढकलत होते. मला ओरडले, "पाणी हाय तवर ढकला! पाणी गेलं की गाळ बसला!" पुराचा गाळ ज्यांनी काढलाय त्यांना कळेल. ओला असतो तेव्हा तो पाण्याबरोबर जातो. पाणी निघून गेल्यावर मात्र तो चिकट पिठासारखा धरतो, वाळला की ढेकळ्या होतात आणि त्या फावड्यानं खरवडाव्या लागतात, त्यानं जमीनही खरवडली जाते. त्या दिवशी उतरणाऱ्या पाण्याच्या मागं मागं आम्ही तिघांनी तीन खोल्यांतला गाळ दारातनं बाहेर काढला. आण्णा तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. दुपारपर्यंत आमची जमीन लाल दिसायला लागली होती. मला वाटलं आम्ही लवकर आलो म्हणून. खरं म्हणजे जमीन आमच्या बाजूनं काम करत होती.

हे कळल्यावर सेल्फ लेव्हलिंगचा प्रश्नच मिटला. ते कंपाउंड ओतलं असतं तर आण्णांनी दोरीपाशी बसून काढलेला उतार एका दुपारीत बुजला असता, आणि वर मी त्याचे पैसे दिले असते. पण मग टाइल्सचं काय? जमीन लेव्हलमध्ये पाहिजे असं तर सगळेच सांगत होते. रात्री पडल्या पडल्या मला माझंच रोजचं काम आठवलं. टेबलावर आम्ही फ्लॅटनेस बघतो तेव्हा तो फेस पृथ्वीला आडवा आहे की तिरका हे कोण बघतं? सपाट असणं वेगळं आणि लेव्हलमध्ये असणं वेगळं. टाइलला खालनं पूर्ण टेकायला जमीन सपाट लागते. उतरती का असेना, एका पातळीत उतरती असली म्हणजे झालं. पत्र्याचं छप्पर तिरकं असतं पण सपाट असतंच की.

सकाळी मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग मी काय म्हणतोय पहिल्यापास्नं," आणि खरंच त्यांनी एकदाही लेव्हल करूया म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून मी लेव्हलची नळी बाजूला ठेवली आणि दहा फुटी पट्टीच घेऊन फिरले. अमेरिकेतल्या टाइलच्या स्टँडर्डमध्ये असं आहे की टाइलची एक जरी बाजू १५ इंच किंवा त्याहून मोठी असेल तर दहा फुटांत साधारण ३ मिलिमीटरपेक्षा जास्त वर-खाली चालत नाही, लहान टाइलला ६ पर्यंत चालतं. कारण उघड आहे, मोठी टाइल वाकत नाही, एका उंचवट्यावर बसली की दुसरं टोक हवेत राहतं. आमच्या कोब्यावर खड्ड्यांत ११-१२ पर्यंत फिलर जात होता. शोरूममध्ये सगळा जोर चार बाय दोनच्या चकचकीत टाइल्सवर होता, दिसतातही छान, पण मी फूटभराच्या, खरखरीत फिनिशच्या घेतल्या. सपाटपणाचं गणित थोडं सैल होतं, ओल्या पायाला पकड मिळते, आणि उद्या एखादी फुटली तर एकच बदलायची. आईला रंग आवडला, जुन्या कोब्याच्या जवळ जाणारा विटकरी.

मार्चमध्ये ओलाव्याची तपासणी केली. सोपी आहे, कुणीही घरी करू शकतं: दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिक जमिनीवर ठेवायचं, चारी कडा टेपनं बंद करायच्या, आणि निदान सोळा तास, आम्ही पूर्ण दिवस ठेवलं. खालनं ओल येत असेल तर प्लास्टिकच्या आत थेंब धरतात किंवा जमीन काळपट पडते. चार ठिकाणी लावलं, चारही कोरडी. मी खूश. मामा म्हणाले, मार्चात काय बघताय, आषाढात बघा. मला तेव्हा एप्रिलमध्ये काम उरकायचं होतं, सुट्टी पण टाकलेली. पण ते खरं बोलत होते, नदी चढली की तिच्याबरोबर जमिनीखालचं पाणीही चढतं, आणि जुन्या घराच्या कोब्याखाली ओल अडवायला प्लास्टिकचा थर कुणी घातलेला नसतो. उन्हाळ्यात कोरड्या दिसणाऱ्या जमिनीवर टाइल चिकटवून मोकळं व्हायचं आणि पावसाळ्यात खालनं दाब आला की सांध्यांतनं पांढरा क्षार फुलायचा. म्हणून थांबलो.

थांबायचंच आहे तर मामांनी तड्यांवर काच लावली. मोठ्या तड्या दोन होत्या, एक माजघरात, एक स्वयंपाकघरात मागच्या भिंतीला समांतर. दोन्हींवर आडवी, पातळ काचेची पट्टी, दोन्ही टोकं सिमेंटमध्ये पक्की बसवलेली, शेजारी खडूनं तारीख. तड हलत असेल तर काच फुटणार. यापेक्षा स्वस्त आणि प्रामाणिक इन्स्ट्रुमेंट मी माझ्या खात्यातही बघितलेलं नाही. आई रोज झाडताना त्या काचांना वळसा घालून झाडायची.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातली काच फुटलेली दिसली. माजघरातली जशीच्या तशी. यंदा पाणी घरात आलं नाही, पण मागच्या भिंतीजवळ प्लास्टिक लावलं तर आत थेंबांची जाळी. मामांनी मोरीकडची बाजू उकरली आणि मोरीचा पाइप भिंतीखाली सांध्यात उलला होता, किती वर्षं कुणास ठाऊक, सगळं पाणी तिथंच मुरत होतं. खाली काळी माती, ती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते, म्हणून ती तड जिवंत होती. एप्रिलमध्ये टाइल्स बसवल्या असत्या तर? तर ती काच जिथं फुटली तिथं टाइल फुटली असती आणि मी टाइल कंपनीला दोष देत बसले असते.

पाइप बदलला. मग महिनाभरानं परत प्लास्टिक, थेंब कमी झाले पण गेले नाहीत, जमिनीची स्वतःची ओल होतीच. तेवढ्या पट्ट्याला घासून झाल्यावर ओल अडवणाऱ्या एपॉक्सीचे दोन हात मारायचे ठरलं, एक उभा एक आडवा, आणि दुसरा हात ओला असतानाच वर कोरडी बारीक वाळू भुरभुरायची, नाहीतर त्या गुळगुळीत एपॉक्सीला टाइलचं ॲडेसिव्ह धरत नाही. जी तड हलत नाही ती इंग्रजी व्हीसारखी कापून, साफ करून कडक मालानं भरायची. जी हलते ती कडक मालानं भरून उपयोग नाही, ती शेजारीच परत फुटते. तिच्यावर टाइलचा सांधा येईल अशी मांडणी करायची आणि त्या सांध्यात सिमेंटच्या ग्राउटऐवजी लवचिक सीलंट. भिंतीच्या कडेलाही चहूबाजूंनी बोटभर फट मोकळी सोडून वर स्कर्टिंग.

घासाई ऑक्टोबरात सुरू केली. ग्राइंडरला डायमंड कप लावून. कोरडं घासलं तर जी धूळ उडते ती नुसती धूळ नसते, वाळूतला सिलिका असतो, तो फुप्फुसात गेला की राहतो. आमच्या भागात फाउंड्रीत काम केलेल्या माणसांना याचा अर्थ नीट माहीत आहे. मामांचे दोन पोरगे तोंडाला नुसता रुमाल बांधून आले होते, मी शॉपमधनं घेऊन ठेवलेले मास्क दिले आणि पाणी मारतच घासायचं असं सांगितलं. वेळ जास्त लागला. घासल्यावर ती वरची घोटाई, तिला मामा "साय" म्हणतात, ती निघून जाते आणि खालचे वाळूचे, खडीचे कण उघडे पडतात. सायीवर चिकटवलेलं सायीबरोबर निघतं. गंमत अशी की घासताना झालेला लालसर चिखल कुणी काही न करता हळूहळू पुढच्या दाराकडे निघाला होता, आणि आई खुर्चीवरनं ओरडली, "पाणी हाय तवर ढकला रे, वाळलं की बसतंय." तिच्या तोंडून आण्णांचं वाक्य ऐकून मी ग्राइंडरच्या आवाजात थोडा वेळ तशीच उभी राहिले.

सगळ्यात जास्त वेळ देव्हाऱ्यापुढच्या जागेनं घेतला. चाळीस वर्षं तिथं समईचं तेल सांडत होतं. घासलं तरी पाण्याचे थेंब टाकून बघितलं की थेंब मोत्यासारखे तसेच उभे. शेजारीच दुसरीकडे थेंब टाकला की मिनिटाभरात जमीन पिऊन टाकते. जी जमीन पाणी पीत नाही ती ॲडेसिव्हही पीत नाही. कुणीतरी ॲसिड टाका म्हटलं, मी टाकू दिलं नाही, ॲसिड सिमेंट खातं, तेल नाही. आईनं कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून तीन दिवस ती जागा स्वतः काठीच्या ब्रशनं घासून घेतली, मग परत ग्राइंडर, मग परत थेंब. चौथ्या दिवशी थेंब मुरला. ते बघून तिनं हात जोडले. मी काही बोलले नाही, ती तिथं रोज बसलेली आहे.

पोकळ १७ जागा कटरनं चौकोनी कापून काढल्या, कडा सरळ ठेवून, कारण निमुळत्या कडेला भरलेला माल पापडासारखा उचकटतो. त्यातली माजघरातली एक जागा गोल होती, हातभर रुंद. खाली खणत गेलो तर भुसभुशीत चुन्याचा माल निघायला लागला. आई म्हणाली ते उखळ. आजीचं दगडी उखळ जमिनीत बसवलेलं होतं, मिक्सर आल्यावर काढलं आणि आण्णांनी घाईत बुजवलं. म्हणजे त्यांचंही एक काम घाईत झालेलं होतं, हे मला का कोण जाणे बरं वाटलं. सगळ्या जागा भरून आठवडाभर गोणपाट टाकून भिजवत ठेवल्या. मग सुकू दिल्या. मग खोलगट पट्टे पॉलिमर घातलेल्या मालानं ओढून घेतले. त्यासाठी मामांनी मागच्या भिंतीपासून दारापर्यंत तीन दोऱ्या ताणल्या, ५५ चा उतार जुळवून, आणि दोरीखाली जागोजागी मालाच्या गोळ्यावर टाइलचा तुकडा बसवून खुणा केल्या, त्या खुणांवरनं पट्टी ओढत आले. मी मागनं फिलर घेऊन. आता कुठंही ४ च्या वर जात नाही.

ॲडेसिव्ह कुठलं आणलं ते विचारणाऱ्यांसाठी: कंपनीपेक्षा पाकिटावर आयएस १५४७७ आणि त्याखाली कुठला टाइप लिहिलाय ते बघा. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटच्या पाण्यानं ती धरत नाही, आणि दातेरी थापीनं पूर्ण पसरून लावायचं, गोळे नाहीत. बाकी दाराला खालनं दीड सेंटिमीटर रंधा मारावा लागणार आहे, सुताराला सांगून ठेवलंय.

आज संध्याकाळी मामा निघायच्या बेतात होते, उद्या प्राइमर मारायचा, परवा टाइल. आई म्हणाली, थांबा. मोरीतनं बादली भरून आणायला लावली आणि मागच्या भिंतीपाशी हळूहळू ओतायला सांगितली. मामा म्हणाले, वहिनी, आत्ताच वाळलीय जमीन, प्राइमर एक दिवस पुढं जाईल. आई म्हणाली जाऊ दे. टाइल बसल्यावर बघून काय करायचं?

पाणी स्वयंपाकघरातनं निघालं. वाळू मारलेल्या पट्ट्यावरनं जरा अडखळत, मग माजघरात, तिथं तीन बोटांत फुटलं, परत एक झालं, सोप्यात आलं आणि आईच्या रांगोळीच्या दगडावरनं खाली पायरीवर टपकायला लागलं. पोरगे शिट्टी वाजवून मोकळे झाले. आई मात्र माजघरातच उभी होती, खाली बघत. उखळाच्या जागेवर तळहाताएवढं पाणी थांबलं होतं. जात नव्हतं. मामांनी चष्मा लावला, वाकले, करंगळी बुडवून बघितली, दोन मिलिमीटर असेल नसेल. मी म्हटलं मामा, हे तर चालण्यासारखं आहे, सहाच्या आतलं आहे.

मामांनी माझ्याकडं बघितलंच नाही. खिशातनं खडू काढला आणि पाण्याच्या कडेकडेनं गोल काढला. "उद्या एवढं भरतो," ते आईला म्हणाले, "परवा परत पाणी वतू."